सिरका, सिकंजबीन आणि आईची गोळी

दिवाळीला भाची पुण्याहून आली ती आजीसाठी एक जाडजूड काचेची बाटली घेऊन. अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, आणि तेही ‘विथ मदर’. सोबत त्याच व्हिनेगरच्या लाल रंगाच्या गमीज. आईला त्या ‘मदर’ शब्दाची फार गंमत वाटली. बाटलीच्या तळाशी जो गढूळ साका दिसतो त्याला म्हणे मदर म्हणतात. "म्हणजे आपलं विरजणच की," असं म्हणून तिनं ते प्रकरण निकालात काढलं. खरं सांगायचं तर तिचं फारसं चुकलंही नव्हतं.

आईचं वय ७८. साखर (आमच्या घरात मधुमेहाला साखरच म्हणतात) गेली २२ वर्षं. दुसऱ्या दिवसापासून तिचा नेम सुरू झाला. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, अर्धा पेला पाण्यात दोन चमचे. आम्ही कुणी काही बोललो नाही. फायदा नाही झाला तर तोटा तरी काय होणार, असं मलाही वाटलं.

दीड महिन्यानं छातीत जळजळ सुरू झाली. दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत पोटात तसंच बसून राहतं म्हणाली. तपासणी केली तर जेवणानंतरची साखर ३०० च्या वर. डॉक्टरांनी गोळ्या आणायला सांगितल्या. मी तिच्या डब्यातून पाकिटं काढली, तर रात्रीच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. एकही फोडलेली नाही.

"अगं, पण का?"

"एका दुखण्याला दोन दोन औषधं कशाला? आणि तुझे बाबा नव्हते का घेत हकीमसाहेबांचा सिरका? हजार वर्षं लोक घेतायत. ते सगळे काय वेडे होते?"

मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. हा प्रश्न इतिहासाचा होता आणि उत्तर मला येत नव्हतं. पुढचे काही महिने मी त्या उत्तरामागे लागलो, त्याचीच ही हकीकत.

सुरुवात बाबांपासून. बाबांचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर, माझ्या तोंडात अजून दोन्ही नावं येतात) १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं आणि संस्थानात युनानी वैद्यकाला सरकारी आश्रय होता. चारमिनारजवळ निजामिया दवाखान्याची भव्य इमारत आजही उभी आहे. इथल्या मराठी ब्राह्मणालाही ताप आला की आधी हकीम आठवायचा, यात कुणाला नवल वाटत नसे. शहागंजच्या मागच्या गल्लीत आमचे हकीमसाहेब बसत. उन्हाळा लागला की बाबा त्यांच्याकडून सिकंजबीनची बाटली आणायचे. गोड-आंबट, दाट, तपकिरी पाक. पाण्यात घालून संध्याकाळी आम्हा पोरांनाही घोट घोट मिळायचा. तो सिरक्याचा होता हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

सिकंजबीन हा शब्द फारसीतून अरबीत गेलेला. सिरका आणि अंगबीन, म्हणजे मध. (उत्तरेकडची लिंबाची शिकंजी त्याचीच नात.) हे मिश्रण त्याहूनही जुनं आहे. ग्रीक लोक त्याला ऑक्सिमेल म्हणत, आणि हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत छातीतला कफ सुटावा म्हणून ते द्यायला सांगितलं आहे. ग्रीकांकडून ते अरबी वैद्यांकडे आलं. इब्न सिना (९८० ते १०३७) याच्या ‘कानून’मध्ये ते आहे, आणि त्या ग्रंथाबरोबर ते हिंदुस्थानात आणि दख्खनेत पोचलं. ‘युनानी’ म्हणजे मुळात ‘ग्रीक’च. शहागंजातली बाटली आणि ग्रीसमधलं बेट यांच्यात एवढा सरळ धागा आहे.

आपल्या भागात या विद्येची देवाणघेवाण किती जोरात होती, याचा एक पुरावा इथून फार लांब नाही. इतिहासकार फिरिश्ता आपल्याला त्याच्या तवारिखेमुळे माहीत असतो. तो लहानपणी अहमदनगरला आला, निजामशाहीत वाढला, पुढे १५८९ मध्ये विजापूरला गेला. त्यानं वैद्यकावरही एक ग्रंथ लिहिला, ‘दस्तूर-उल-अतिब्बा’. हेतू असा की मुसलमान हकिमांना हिंदुस्थानी वैद्यक कळावं. अकबराच्या दरबारी ‘आईन-इ-अकबरी’त बाजारभावांची यादी आहे, तीत दारूचा सिरका आणि उसाचा सिरका वेगवेगळे नोंदवले आहेत. उसाचा बराच स्वस्त. दौलताबादला तर द्राक्षं वर्षातून दोनदा येतात असं इब्न बतूतानं चौदाव्या शतकात लिहून ठेवलं आहे.

आयुर्वेदातही हा पदार्थ परका नाही. तिथे शुक्त आहे, चुक्र आहे, कांजी आहे. शार्ङ्गधर संहितेत आंबवलेल्या पदार्थांचा एक अध्यायच आहे. बिघडून आंबट झालेलं मद्य किंवा गोड द्रव ते चुक्र, अशी साधी सरळ व्याख्या. आंबट फार खाल्लं तर पित्त आणि रक्त बिघडतं, ही ताकीदही आयुर्वेद कायम देत आला.

तर आई म्हणते ते खरंच आहे. हजार काय, दोन हजारांहून जास्त वर्षं लोक घेतायत. पण कशासाठी?

इथे मला पहिल्यांदा अडखळायला झालं. ग्रीक घेत होते कफासाठी. युनानी हकीम देत होते पित्तासाठी, तापात तहान भागावी म्हणून, यकृतासाठी. समुद्रावरचे लोक स्कर्व्हीसाठी. आणि आता आपण घेतो साखरेसाठी आणि वजनासाठी. बाटली तीच, आजार मात्र दर शतकात बदललेला. ज्या काळाला ज्या दुखण्याची भीती, त्यावर सिरका. मग ‘हजार वर्षांचा अनुभव’ साखरेच्या खात्यावर कसा जमा करायचा? बाबांनी तो साखरेसाठी कधीच घेतला नव्हता. मे महिन्यात घेतला, घशाला बरं वाटतं म्हणून घेतला, आणि मृग लागला की बाटली बंद.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. युनानी निघंटूंत प्रत्येक औषधाखाली काही रकाने ठरलेले असतात. त्याचा स्वभाव काय, मात्रा किती, ते कुणाला अपायकारक (‘मुझिर’) आणि त्या अपायावर उतारा कोणता (‘मुस्लेह’). सिरका थंड आणि कोरडा, म्हणून त्याला मध जोडायचा. शरीरात खरोखर असं थंड-कोरडं काही असतं का, हा वाद वेगळा. आधुनिक शरीरशास्त्रात त्याला जागा नाही. पण औषध म्हटलं की अपायाचा रकाना असतोच, ही शिस्त हकिमाकडे होती. भाचीनं आणलेल्या बाटलीवर सगळे गुण होते. तो एक रकाना नव्हता.

आता स्कर्व्हीचं सांगायलाच हवं, कारण ती माझ्या मते सिरक्याच्या इतिहासातली सर्वांत मजेदार गोष्ट आहे. मे १७४७. ‘सॅलिसबरी’ नावाचं इंग्रजी लढाऊ जहाज. जहाजावरचा डॉक्टर जेम्स लिंड. स्कर्व्ही झालेले १२ खलाशी त्यानं निवडले, सगळ्यांना जेवण एकसारखं ठेवलं, आणि दोन-दोनच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. एका जोडीला सायडर, एकीला पातळ केलेलं गंधकाम्ल, एकीला समुद्राचं पाणी, एकीला संत्री आणि लिंबू, एकीला लसूण-मोहरी वगैरेंचं चाटण. आणि एका जोडीला सिरका. मात्रा किती? दोन चमचे, दिवसातून तीन वेळा, रिकाम्या पोटी!

मी हे वाचलं तेव्हा आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग? बरे झाले का?"

बरे झाले ते संत्री-लिंबूवाले, तेही आठवड्याच्या आत. सायडरवाल्यांना थोडा आराम पडला. सिरकावाले होते तसेच राहिले. दोन आंबट गोष्टी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या तेव्हा कळलं की गुण आंबटपणात नाही, लिंबात दुसरंच काहीतरी आहे. (ते ‘क’ जीवनसत्त्व हे कळायला पुढे पावणेदोनशेहून जास्त वर्षं लागली.) औषधांची शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक, आणि त्यात सिरका नापास झाला.

आजच्या लाटेचं मूळ मात्र अमेरिकेत सापडतं. १९५८ साली व्हरमाँट प्रांतातल्या डी. सी. जार्व्हिस नावाच्या डॉक्टरांचं ‘फोक मेडिसिन’ हे पुस्तक आलं आणि धो धो खपलं. सफरचंदाचा सिरका आणि मध पाण्यात घालून रोज घ्या, हा त्यांचा मंत्र. म्हणजे पुन्हा सिकंजबीनच! फक्त टोपी बदललेली. सिरक्यातल्या पोटॅशियमवर त्यांचा फार भरवसा. वास्तविक सफरचंदाच्या सिरक्याच्या मोठ्या चमच्यात ११ मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं आणि एका मध्यम केळ्यात ४०० च्या आसपास. यात एक क्रूर विनोद आहे. १९९८ साली ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या बाईची केस छापली. ती सहा वर्षं रोज पाव लिटर सायडर व्हिनेगर पीत होती. तिच्या रक्तातलं पोटॅशियम धोकादायक खाली गेलं होतं आणि हाडं म्हातारीसारखी ठिसूळ झाली होती.

पण मला नुसतीच टिंगल करायची नाही. साखरेच्या बाबतीत सिरक्याला काहीच आधार नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

२००४ साली अ‍ॅरिझोनातल्या कॅरल जॉन्स्टन यांनी एक प्रयोग छापला. माणसं २९: काही निरोगी, काही मधुमेहाच्या उंबरठ्यावर, काही मधुमेही. त्यांना आधी २० ग्रॅम सायडर व्हिनेगर पाण्यातून दिलं आणि लगेच पाव, लोणी, संत्र्याचा रस असा पिठूळ-गोड नाश्ता. दुसऱ्या खेपेला तोच नाश्ता, पण सिरक्याविना. सिरका घेतला तेव्हा पहिल्या तासात उंबरठ्यावरच्या मंडळींची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता ३४ टक्क्यांनी सुधारली. प्रत्यक्ष मधुमेह असलेल्यांत सुधारणा कमी, १९ टक्के, आणि ती योगायोगही असू शकते इतपतच. स्वीडनमध्ये २००५ साली १२ निरोगी लोकांवर पाव आणि सिरक्याचा असाच प्रयोग झाला, तिथेही साखर कमी चढली. म्हणजे काहीतरी आहे हे नक्की.

ते कसं घडतं याचाही अंदाज आहे. अ‍ॅसेटिक आम्लामुळे जठर हळू रिकामं होतं आणि पिष्टाचं पचन काहीसं मंदावतं. त्यामुळे जेवणातली साखर रक्तात एकदम न येता सावकाश येते. यातून तीन गोष्टी निघतात. एक, सिरका जेवणाबरोबर हवा. पहाटे रिकाम्या पोटी घेऊन दहा वाजता पोहे खाल्ले तर त्याचा पोह्यांशी संबंध उरत नाही. दोन, करामत आम्लाची आहे, सफरचंदाची नव्हे आणि त्या ‘मदर’चीही नव्हे. १९९५ च्या एका इटालियन प्रयोगात सिरक्याचं आम्ल सोड्यानं मारून दिलं तर परिणामच नाहीसा झाला. (चायनीजच्या गाडीवर मिरच्या बुडवलेल्या व्हिनेगरची जी बाटली असते, तिच्यातही हेच आम्ल. ते बहुधा कारखान्यातल्या अ‍ॅसेटिक आम्लापासून बनवलेलं असतं आणि कायद्यानं तसं लेबलवर ‘सिंथेटिक’ म्हणून लिहावं लागतं.) मग ज्या गमीजमध्ये जेमतेम आम्ल असतं त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची? गोळ्यांचंही तेच. २००५ साली आर्कान्सामधल्या संशोधकांनी बाजारातल्या आठ प्रकारच्या व्हिनेगर-गोळ्या तपासल्या. एकीचा दुसरीशी मेळ नव्हता, आणि त्यांत खरोखर सायडर व्हिनेगर आहे की नाही याचीच त्यांना शंका आली. तपासायचं कारण, एका बाईच्या अन्ननलिकेत तशी गोळी अडकून तिला इजा झाली होती.

तिसरी गोष्ट आमच्या घरातली. २००७ साली स्वीडनमध्येच दहा जणांवर एक छोटा अभ्यास झाला. हे सगळे इन्सुलिनवर असणारे जुने मधुमेही, आणि मधुमेहानं जठराच्या नसा मंद झालेले. त्यांना सिरका दिल्यावर आधीच रेंगाळणारं जठर आणखी रेंगाळलं. जो गुण म्हणून सांगितला जातो, तोच या लोकांना अवगुण. "दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत तसंच बसतं," असं आई म्हणाली होती ते मला आठवलं. डॉक्टरांनाही तीच शंका होती. २२ वर्षं जुन्या दुखण्यात हे होऊ शकतं म्हणाले.

वजनाचं थोडक्यात सांगतो. २००९ मध्ये जपानमध्ये १५५ जाड लोकांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला, सिरका घेणाऱ्यांचं वजन एक-दोन किलोनं उतरलं, आणि बंद केल्यावर चढू लागलं. प्रयोग करणारी मंडळी सिरका बनवणाऱ्या कंपनीची होती. मग २०२४ मध्ये लेबनॉनचा एक अभ्यास आला, १२० तरुण मुलामुलींवर, आणि त्यात सहा ते आठ किलो उतरल्याचा दावा! जगभर बातम्या झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रकाशकांनी तो लेख मागे घेतला. संख्याशास्त्रज्ञांनी आकडे पुन्हा मांडून पाहिले तर निष्कर्ष जुळेनात, आणि मूळ आकड्यांतच गडबड दिसली. भाचीला मी हे कळवलं. तिनं एक अंगठा पाठवला. असो.

१९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आपल्याकडे आहे, आणि त्याच्या यादीत मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत. म्हणून बाटलीवर ‘बरा करतो’ असं कुणी लिहीत नाही. ‘सपोर्ट करतो’ असं लिहितात. आईनं त्याचा अर्थ ‘गोळीऐवजी चालतो’ असा लावला. चूक फक्त तिची, असं मला म्हणवत नाही.

हे सगळं शोधताना एक गोष्ट अशी सापडली की तिनं मला थांबवलं. अ‍ॅसेटिक आम्लानं माणसं वाचल्याचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातला आहे, आणि तो प्यायच्या सिरक्याचा नाहीच. गर्भाशयाच्या तोंडावर सिरक्याइतकंच सौम्य, चारेक टक्के अ‍ॅसेटिक आम्ल लावलं तर कर्करोगाकडे झुकलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो. ना प्रयोगशाळा, ना यंत्र. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर ही चाचणी अजमावली. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक बायका. दर दोन वर्षांनी तपासणी. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

आणि आमच्या मराठवाड्यात? उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ बायकांना घेऊन असाच मोठा अभ्यास झाला. त्याचा निकाल २००९ मध्ये आला. तिथे एकदाच केलेल्या आम्लाच्या चाचणीनं मृत्यू कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. कमी झाले ते एचपीव्ही विषाणूच्या चाचणीनं, जवळजवळ निम्मे. तेच आम्ल, तोच आजार, एकाच राज्यात. एकीकडे पुन्हा पुन्हा केल्यावर उपयोग, दुसरीकडे एकदा करून नाही. या अभ्यासांत ज्या बायकांना तपासणी न देता नुसतं तुलनेसाठी ठेवलं, त्यांच्यावर अन्याय झाला असा आक्षेपही घेतला गेला, आणि तो मला सहज झटकता येत नाही. पुराव्याची ही किंमतही कुणीतरी मोजलेली असते. २९ माणसांचा एक नाश्ता आणि दीड लाख बायकांची १२ वर्षं, या दोन्हींना आपण ‘संशोधन सांगतं’ असं एकाच दमात म्हणतो.

आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तिची धाकटी बहीण याच आजारानं गेली. मग म्हणाली, "त्या बायकांना कुणी घरी येऊन विचारलं तरी." रात्री तिनं गोळी घेतली आणि रिकामं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. तेव्हापासून ती रोज ठेवते. थोडा रागही असतो त्यात.

बाटली न्हाणीघरात गेली. आमच्या बोअरच्या पाण्यानं नळांवर जे पांढरे क्षार चढतात ते सिरक्यानं छान निघतात. गमीजच्या डबीवर बारीक अक्षरात घटक लिहिले होते. पहिलंच नाव साखरेचं.

मे महिन्यात मी सहज शहागंजकडे गेलो होतो. हकीमसाहेब जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांच्या नातवाचं दुकान त्याच गल्लीत आहे. मी सिकंजबीन मागितलं. पोरानं बाटली काढली, पण हातात दिली नाही.

"किसके लिए चाहिए साब?"

"आईसाठी," मी मुद्दामच म्हणालो. "अम्मा को. अठहत्तर साल."

"शुगर तो नहीं है उनको?"

"है."

"फिर नक्को ले जाओ. शक्कर का किवाम है इसमें." आणि त्यानं बाटली परत फळीवर ठेवली.

मग मी सांगितलं की मलाच हवी आहे, मला साखर नाही. त्यानं एकदा माझ्याकडे नीट बघितलं, आणि दिली.